लोण्यातले पाणी

घरी केलेला गार्लिक टोस्ट बहुतेक वेळा दोन तऱ्हांनी फसतो. एक तर पाव वरून तेलकट आणि आतून गचगचीत राहतो, लसूण कच्चाच लागतो आणि जिभेला झोंबतो. नाही तर पावाच्या कडा खरपूस होईपर्यंत लसणाचे कण काळे पडतात आणि तो कडवटपणा शेवटच्या घासापर्यंत जात नाही. मग कोणी पावाला दोष देतो, कोणी घरात ओव्हन नाही म्हणून हळहळतो. मला ही दोन्ही कारणे पटत नाहीत. या पदार्थात जे बिघडते ते पाण्याच्या हिशेबात बिघडते. पाणी लोण्यात असते, लसणात असते, पावातही असते. जोवर ते असते तोवर लसूण करपत नाही. पण जोवर ते असते तोवर पावही कुरकुरीत होत नाही. एकाच तव्यावर, एकाच वेळी, एकाला पाणी हवे असते आणि दुसऱ्याला नको असते. गार्लिक टोस्टची सगळी मेख या ओढाताणीत आहे, आणि ती सोडवायला साधा लादीपाव, लोखंडी तवा आणि थोडा धीर पुरतो.

आधी लोणी पाहू. दुकानातल्या पिवळ्या बटरला आपण नुसती स्निग्ध वस्तू समजतो. पण आपल्याकडच्या अन्नमानकांनुसार टेबल बटरमध्ये दुधाची चरबी किमान ८० टक्के असावी लागते आणि पाणी १६ टक्क्यांपर्यंत चालते. उरलेला भाग मीठ आणि दुधातील घन पदार्थांचा. म्हणजे चार-पाच टोस्टसाठी ५० ग्रॅम बटर घेतले तर त्यात आठ ग्रॅमपर्यंत, म्हणजे दीड लहान चमचा, पाणी असू शकते. घरी तूप कढवणाऱ्याला हे पाणी कानांनी माहीत असते. लोणी वितळले की कढईत तडतड सुरू होते, वर फेस येतो, आणि बराच वेळ रंग बदलत नाही. पाणी उकळत असते तोवर तापमान १०० अंशांच्या फार पुढे सरकत नाही. मग आवाज मंदावतो, फेस बारीक होतो, आणि पाहता पाहता तळाची बेरी सोनेरी होते. क्षणभर दुर्लक्ष झाले की तपकिरी, आणखी दुर्लक्ष झाले की काळी. तव्यावरच्या टोस्टखाली नेमके हेच घडते, फक्त फार लहान प्रमाणात आणि फार थोड्या वेळात. तूप कढवायला येणाऱ्या घराला टोस्टची विद्या वेगळी शिकावी लागत नाही.

आता पाव. पावाला रंग आणि खमंग वास देणारी रासायनिक क्रिया लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. प्रथिनांचे घटक आणि साखरा उष्णतेत एकत्र येऊन शेकडो नवे वास निर्माण करतात. पण ही क्रिया वेग घेते ती साधारण १४० अंशांच्या आसपास. ओला पृष्ठभाग तिथवर पोहोचतच नाही, कारण सगळी उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून ताज्या, ओलसर पावावर थेट बटर फासून तो तव्यावर टाकणे म्हणजे ओल्यात ओल मिसळणे. बटरमधले पाणी वर यायच्या आधी पावाच्या छिद्रांत उतरते आणि तिथेच राहते. यावर उपाय सोपा आहे: ज्या बाजूला बटर लावायचे ती बाजू आधी कोरडीच भाजून घ्यायची. तिच्यावर पातळ कडक पापुद्रा धरला की बटर वरच थांबते. कालचा पाव इथे ताज्या पावापेक्षा बरा. पाव शिळा होतो तो नुसता सुकल्याने होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण झां-बातिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिले की ओलावा अजिबात न गमावताही पाव कडक होतो. शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, म्हणून हे घडते. ६० अंशांच्या पुढे तापवला की तो परत सैल होतो. म्हणजे कालचा पाव कापताना आणि बटर फासताना ताठ राहतो आणि तव्यावर आतून पुन्हा मऊ होतो, दोन्हीकडून फायदाच. फ्रिजच्या थंडाव्यात मात्र स्टार्च सर्वांत लवकर घट्ट होतो, तेव्हा पाव डब्यात बाहेरच राहू द्यावा.

लसणाची गोष्ट याहून नाजूक आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्या पेशीत अ‍ॅलीन हे द्रव्य एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पाकळी ठेचली की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होते. ज्याला आपण लसणाचा वास म्हणतो त्याची सुरुवात इथे होते. चेस्टर कॅव्हलिटो आणि जॉन बेली यांनी अमेरिकेत १९४४ साली हे द्रव्य वेगळे करून दाखवले. विकर उष्णतेला कच्चे असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अख्ख्या पाकळ्या मायक्रोवेव्हमध्ये ६० सेकंद तापवल्या तेव्हा अ‍ॅलिनेज पुरते निकामी झाले. पण ठेचून १० मिनिटे तसाच ठेवून मग तापवलेल्या लसणाचे गुण बऱ्याच अंशी टिकले. तो अभ्यास आरोग्यासाठी केलेला होता, पण स्वयंपाकालाही तोच धडा लागू पडतो: लसूण आधी ठेचा, मग थोडा थांबा, मग उष्णता दाखवा. खलबत्त्यात मिठाच्या कणांबरोबर ठेचलेला लसूण सुरीने चिरलेल्या लसणापेक्षा जास्त बोलतो, कारण त्यात जास्त पेशी फुटतात. शिवाय चिरलेला तुकडा पावावर उंच उभा राहतो, तव्याला आधी टेकतो आणि आधी करपतो. ठेचलेला गोळा बटरमध्ये विरघळल्यासारखा पसरतो. पाकळ्या मोजून लसूण घेण्यात अर्थ नाही. गावरान लसणाच्या बारीक पाकळ्या आणि बाजारातल्या टपोऱ्या पाकळ्या यांत दुप्पट-तिप्पट फरक असतो. सोललेला लसूण वजन करूनच घ्यावा, ५० ग्रॅम बटरला आठ ते दहा ग्रॅम.

लसूण लोण्यातच का मिसळायचा, याचे उत्तर जुने आहे. ठेचलेल्या लसणातली गंधकयुक्त द्रव्ये पाण्यापेक्षा स्निग्धात अधिक रमतात. हे लोकांना किती आधीपासून ठाऊक होते, त्याचा एक सुंदर पुरावा भूर्जपत्रावर लिहिलेला सापडतो. हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला १८९० साली मध्य आशियातल्या कुचा येथे एक संस्कृत हस्तलिखित मिळाले. रुडॉल्फ हर्न्ले यांनी ते संपादित केले, आणि आज ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्याचा पहिलाच भाग लसणाच्या गुणांवर आहे. आणि दुसऱ्या भागाचे नाव, योगायोगाने, ‘नावनीतक’, म्हणजे जुन्या वैद्यकग्रंथांतून घुसळून काढलेले लोणी. लसणाच्या भागात ज्यांना लसूण वर्ज्य आहे त्यांच्यासाठी एक तोड सांगितली आहे. गायीला तीन रात्री जवळजवळ चाऱ्याविना ठेवून मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असा चारा द्यायचा; तिचे दूध, दही, तूप किंवा ताक त्या व्यक्तीला चालते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही पळवाट असेल, पण त्यामागचे निरीक्षण पक्के आहे. लसणाचा अर्क दुभत्यात उतरतो, हे कोणीतरी नाकाने हेरले होते, आणि गायीने कांद्या-लसणाची पात खाल्ली की दुधाला वास येतो हे आजचे दुग्धशास्त्रही सांगते. कांदेनवमीला कांदा-लसूण संपवून कार्तिकी एकादशीपर्यंत वर्ज्य करणारी घरे आपल्याकडे आजही आहेत.

प्रत्यक्ष कृतीत हा सगळा हिशेब असा उतरतो. बटर वितळवू नये. बोटाने दाबले तर खड्डा पडेल इतके मऊ होऊ द्यावे. वितळलेल्या बटरमध्ये पाणी आणि चरबी वेगळी होतात आणि पाव आधी पाणी पितो. मऊ बटरमध्ये पाण्याचे थेंब चरबीत अडकून राहतात. १० मिनिटे थांबलेला लसूण त्यात फेटावा, बारीक चिरलेली कोथिंबीर कोरडी करून घालावी. बटर खारे असेल तर लसूण ठेचताना घेतलेल्या चिमटीपलीकडे मीठ नको. लादीपाव आडवा चिरून त्याची पांढरी बाजू मंद तव्यावर कोरडी ठेवावी, फिकट सोनेरी झाली की उलटावी. आता वर आलेल्या या भाजक्या बाजूवर बटर अगदी कडेपर्यंत फासावे, कारण कडाच आधी जळतात. खालची बाजू शेकत असताना वरचे बटर हळूहळू चकाकू लागते. मग पाव शेवटचा उलटावा, बटरची बाजू तव्यावर. चरचर ऐकू येईल. ही चरचर म्हणजे पाणी अजून आहे आणि लसूण सुरक्षित आहे. उलथण्याने पाव हलकेच दाबावा, तो सगळीकडे सारखा टेकला पाहिजे. अर्ध्या-पाऊण मिनिटात आवाज विरळ होतो, वासात कच्च्या लसणाचा झणका जाऊन बेरीसारखा गोडसर वास येतो. तिथेच पाव उचलायचा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली तर लसूण हातचा गेला. झाकण मात्र कोणत्याही टप्प्यावर ठेवू नये. आपण जी वाफ घालवायला धडपडतो तीच झाकण परत पाडते.

यावर पहिला आक्षेप असा की हॉटेलात वितळलेले बटरच ब्रशने लावतात आणि तिथला टोस्ट चांगलाच लागतो. खरे आहे, पण तिथे उष्णता वरून, प्रखर आणि थोडा वेळ मिळते. पाणी पावात उतरायच्या आत उडून जाते. घरच्या तव्याची उष्णता खालून आणि धिमी, म्हणून घरची रीत वेगळी. दुसरा आक्षेप इटलीकडून येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. टस्कनीत ‘फेत्तुन्ता’ करतात तेव्हा पाव आधी निखाऱ्यावर भाजतात, त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर कच्ची पाकळी किसणीसारखी घासतात आणि वर ऑलिव्हचे तेल ओततात. लसणाला उष्णता लागतच नाही, म्हणजे करपण्याचा प्रश्नच उरत नाही. मला हा पदार्थ मनापासून आदरणीय वाटतो, पण तो वेगळा आहे: त्यात लसणाचा तिखटपणा हवा असतो, आणि लोण्याच्या बेरीचा खमंगपणा त्यात येऊच शकत नाही. तुपात केलेल्या टोस्टचेही तसेच. तो कुरकुरीत होतो, पण बेरी आधीच गाळून टाकलेली असल्याने एक चव कमी पडते. तिसरा आक्षेप लसणाच्या पावडरीचा. ती सोयीची असते, सगळीकडे सारखी पसरते. पण जपून वाळवलेल्या पावडरीत विकर आणि अ‍ॅलीन दोन्ही पाण्याविना नुसती निजलेली असतात. ती थेट बटरमध्ये घातली की जागी होत नाहीत आणि वास मिळमिळीत राहतो. तेवढ्याच पाण्यात पाच मिनिटे भिजवून मग फेटली तर फरक लगेच कळतो.

घरचे लोणी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ताकातून काढलेल्या लोण्यात बटरपेक्षा पाणी बरेच जास्त असते. ते थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन, तळहातावर दाबत त्यातले ताकपाणी निथळून घ्यावे, नाही तर टोस्ट उकडल्यासारखा होतो. लिंबू आवडत असेल तर ते शेवटी. ठेचल्याबरोबर पिळले तर आंबटपणा विकराला रोखतो आणि लसूण मुका राहतो. उरलेले लसूण-बटर ओट्यावर ठेवणे मात्र धोक्याचे आहे, आणि हे मी जोर देऊन सांगतो. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यासोबत बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू येऊ शकतात, आणि स्निग्धात बुडाल्यावर त्यांना हवी तशी प्राणवायूविना जागा मिळते. कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही बाधा झाली होती. त्या लसणाला वास किंवा चव बिघडल्याची खूण असेलच असे नाही. म्हणून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचे तर लहान वड्या करून फ्रीजरमध्ये.

तयार टोस्ट ताटलीत आडवा ठेवला की त्याची वाफ खालीच अडकते आणि मघाशी मिळवलेला कुरकुरीतपणा दोन मिनिटांत जातो. दोन टोस्ट तंबूसारखे एकमेकांना टेकवून उभे करावेत, लसणाची बाजू बाहेर.