प्रोफायलरच्या स्वयंचलित चाचण्या

प्रोग्रॅममधील कोणते फंक्शन किती वेळा चालले व त्यात किती वेळ गेला, याची नोंद ठेवणाऱ्या साधनाला प्रोफायलर म्हणतात. मोजलेला काळ दर वेळी थोडा वेगळा येत असल्यामुळे अशा साधनाच्या स्वयंचलित चाचण्या (कोडचे वर्तन अपेक्षेशी ताडून पाहणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिता येत नाहीत, असा समज आढळतो. परंतु येथे तपासायचा असतो तो मोजला जाणारा प्रोग्रॅम नव्हे, तर मोजणारे साधन. वैधमापन निरीक्षक दुकानातील तराजू तपासताना धान्य न वापरता, ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे असे प्रमाणित वजन पारड्यात ठेवतो, तसेच हे आहे. उदाहरणार्थ, ० व १ येथे थांबणारे फिबोनाचीचे साधे पुनरावर्ती फंक्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारे) ५ या संख्येसाठी चालवले, तर ते एकूण १५ वेळा बोलावले जाते आणि ही संख्या कोणत्याही संगणकावर बदलत नाही. खऱ्या घड्याळाऐवजी ठरावीक आकडे देणारे कृत्रिम घड्याळ जोडले, की काळाची बेरीज-वजाबाकीही नेमकी पडताळता येते. मात्र ‘हे काम १०० मिलिसेकंदांतच व्हावे’ अशी अट चाचणीत घालू नये, कारण संगणकावर अन्य कामांचा भार वाढताच ती चाचणी निष्कारण नापास होते.