तिघींचे चोवीस बाण

घरातील मुले पडद्यासमोर बसली की ‘पुरे आता तो खेळ’ एवढेच आपण वडीलधारी मंडळी म्हणतो. त्या खेळात कोणती कथा चालली आहे, हे विचारण्याची तसदी सहसा घेत नाही. विचारले तर कधी कधी आपल्याच घरातील प्रश्नाचे उत्तर तेथे सापडते.

‘फायनल फँटसी’ या गाजलेल्या जपानी खेळमालिकेचा तेरावा भाग २००९ साली आला. त्याची नायिका लाइटनिंग ही २१ वर्षांची सैनिक तरुणी. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. धाकट्या बहिणीला वाढवायचे म्हणून तिने आपले क्लेअर हे नाव टाकले आणि विजेचे नाव घेतले; जणू त्या नावासोबत बालपणही टाकले. पुढे बहीण आपल्यावर कोसळलेले संकट सांगू लागली, तेव्हा लाइटनिंगने ते खोटे ठरवले. बहीण स्फटिक होऊन निश्चल झाली आणि मग ही एकटीच सूड घ्यायला निघाली. वाटेत भेटलेला एक मुलगा मागे पडतो म्हणून त्यालाही सोडून जाऊ लागली. सोबत्यांवर विसंबणे म्हणजे दुबळेपणा, अशी तिची समजूत होती. ती गळून पडण्याचीच ही कथा आहे.

या खेळाची रचनाही तेच शिकवते. लढाईत एका वेळी तिघे उतरतात, पण खेळणाऱ्याच्या थेट हाती त्यांतील एकच असतो. उरलेल्या दोघांना फक्त भूमिका नेमून देता येते: कोणी वार करावा, कोणी सांभाळावे, कोणी जखमा भराव्यात. पुढचे त्यांचे त्यांनी करायचे. सर्व काही आपणच करू पाहणाऱ्याला हा खेळ पुढे जाऊ देत नाही.

हे झाले कल्पनेचे. वास्तवातील उदाहरणासाठी मात्र जपानला जाण्याचे कारण नाही. ते आपल्या साताऱ्यातच आहे.

साताऱ्याची अदिती स्वामी ही शिक्षकाची कन्या. प्रवीण सावंत यांच्या दृष्टी आर्चरी अकादमीत ती धनुर्विद्या शिकली. जुलै २०२३ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे तिने १८ वर्षांखालील गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ती बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत मोठ्यांच्या गटात उभी राहिली. वय अवघे १७.

नेमबाजाचे काम वरवर एकट्याचे दिसते. ५० मीटरवरील लक्ष्य, त्यातील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचे. हात आपला, श्वास आपला. परंतु सांघिक स्पर्धेत हे चित्र पालटते. तिघी मिळून २४ बाण सोडतात. प्रत्येक फेरीत प्रत्येकीचे दोन, असे सहा बाण, आणि त्या सहांसाठी तिघींमध्ये मिळून केवळ दोन मिनिटे. एकीने जास्त वेळ घेतला तर तो दुसरीच्या वाट्यातून जातो. नेम धरलेल्या मैत्रिणीच्या मागे उभे राहून मन शांत ठेवणे, हेही त्या खेळाचेच अंग.

४ ऑगस्ट २०२३ रोजी आंध्रची ज्योती सुरेखा वेन्नम, पंजाबची प्रनीत कौर आणि साताऱ्याची अदिती यांनी अंतिम फेरीत मेक्सिकोला २३५–२२९ असे नमवले. २४० पैकी केवळ पाच गुण निसटले. जागतिक धनुर्विद्या स्पर्धेतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक ठरले.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. वैयक्तिक उपांत्य सामन्यात अदितीसमोर उभी होती ती ज्योतीच. अदितीहून दहा वर्षांनी मोठी असलेल्या ज्योतीने २०२१ च्या जागतिक स्पर्धेत तीन रौप्यपदके मिळवली होती. सुवर्ण तेवढे हुलकावणी देत होते. अदितीने तो सामना १४९–१४५ असा जिंकला आणि अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिला १४९–१४७ असे हरवून ती जगज्जेती झाली. ज्योती कांस्यपदकाच्या सामन्यात उतरली, तिने १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच दिवशी साताऱ्यातच घडलेला नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत विश्वविजेता झाला.

कालची सोबतीण आज प्रतिस्पर्धी झाल्यावर मैत्रीत अंतर पडले का? याचे उत्तर दोनच महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिळाले. तेथे उपांत्य सामन्यात ज्योतीने अदितीला हरवले. एकीला सुवर्ण, दुसरीला कांस्य. आणि त्याच स्पर्धेत, ५ ऑक्टोबर रोजी, त्याच तिघींनी चिनी तैपेईला २३०–२२९ असे, अवघ्या एका गुणाने हरवून पुन्हा सांघिक सुवर्ण जिंकले. एका गुणाचा विजय कोणा एकीच्या नावावर लिहिता येत नाही.

वाचकहो, आपल्या व्यापारी घरांना ही गोष्ट परकी नाही. सांगलीच्या हळद पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार उभा राहिला तो शब्दाच्या भरवशावरच. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली साठवलेली हळद डोळ्यांना दिसत नव्हती. ती राखणाऱ्यावर विसंबावेच लागे. पेढीवर भागीदाराशिवाय आपले चालत नाही, हे आपण जाणतो. मग मुलींना वाढवताना मात्र ‘पहिली ये’ एवढेच का शिकवतो? आज आपल्या मुली सनदी लेखापाल होतात, दुकानाचा कारभार हाती घेतात. त्यांपैकी किती जणींना ‘हे मला एकटीने जमत नाही’ असे मोकळेपणाने म्हणता येते? म्हटले तर आपण ते कौतुकाने ऐकतो, की कमीपणा मानतो?

‘मान’ हा शब्द आपल्या भाषेत दुहेरी आहे. तो स्वाभिमानही आहे, आणि चार कषायांपैकी एकही. दोहोंतील सीमारेषा बारीक आहे, पण ओळखता येते: स्वाभिमान दुसऱ्याला शेजारी उभे राहू देतो, कषाय देत नाही.

लाइटनिंगला हे कळेपर्यंत बहीण स्फटिक झाली होती. आपल्या घरात तेवढा उशीर होऊ नये. आज रात्री गल्ला मोजून झाला की लेकीला हाक मारावी आणि विचारावे, ‘बाळ, तुझ्या खेळात तिघे कोण असतात? आणि तुझ्या मागे कोण उभे असते?’