पुढच्या चाकाचे बेअरिंग

चाक फिरते, आस फिरत नाही. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जे काही घडते, त्यावर वाहनाची आणि त्यात बसलेल्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. बैलगाडीत ही जागा चाकाच्या तुंब्यात असे. आस घासून झिजू नये म्हणून गाडीवान तुंब्यात वंगण घाली आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ मारी. मोटारीच्या पुढच्या चाकात या दोन्ही गोष्टी आजही आहेत. वंगणाच्या जोडीला कठीण पोलादाचे रोलर किंवा छर्रे आले आणि खिळीच्या जागी नट व स्प्लिट पिन आली, इतकेच.

मराठीच्या परिभाषेत या भागाला 'धारवा' म्हणतात. शब्द अर्थवाही आहे. परंतु गॅरेजात तो कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये तर वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचेच कार्यालय आहे; तरीही त्याच वसाहतीतील मिस्त्री 'बेअरिंग' असेच म्हणतो. आपणही येथे तोच शब्द वापरू.

आर. के. पुरम ही मुख्यतः केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वसविलेली वसाहत. अशा ठिकाणी गाडी रोज फार धावत नाही. मालक बदलीवर किंवा दीर्घ रजेवर गेला, की ती महिनोन्महिने झाडाखाली उभी राहते. गाडी वापरली नाही म्हणजे ती झिजली नाही, असा एक समज आहे. बेअरिंगाच्या बाबतीत तो खरा नाही. उन्हाळ्यातील आंधीची बारीक धूळ कोरड्या पडलेल्या ऑइल सीलमधून आत शिरते, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली की ओल शिरते, आणि पुढे गाडी उभी असताना जेथे जेथे रोलर टेकलेले असतात तेथे तेथे गंजाचे डाग पडतात. मग चाक फिरू लागले, की प्रत्येक रोलर त्या डागावरून जाताना ठेचकाळतो. चांगले बेअरिंग केवळ धावल्यामुळे फार काळाने झिजते. त्याचा अकाली नाश बहुधा धूळ, पाणी आणि चुकीची बसवणी यांमुळेच होतो.

त्याच्यावर पडणारे काम थोडे नाही. सुमारे 1,100 किलो वजनाच्या गाडीच्या एकेका चाकावर पावणेतीनशे किलोंच्या आसपास भार येतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटाला साडेपाचशेच्या आसपास फेरे घेते. शिवाय वळणावर भार बाजूनेही रेटतो. गोल छर्रा एका बिंदूवर टेकतो, तर रोलर एका रेषेवर. म्हणून रोलर अधिक भार पेलतो. हा रोलर निमुळता केला तर तो वरून येणारा आणि बाजूने येणारा असे दोन्ही भार सोसतो. हेन्री टिमकेन या अमेरिकन घोडागाडी-कारखानदाराने 1898 साली अशा बेअरिंगाचे पेटंट घेतले. ज्या जुन्या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते आणि पुढची चाके नुसती फिरतात, त्यांच्या पुढच्या हबात बहुधा अशी दोन बेअरिंगे असतात: आत मोठे, बाहेर लहान.

बेअरिंग बिघडल्याची पहिली खूण म्हणजे घूं घूं असा आवाज. तो वेगाबरोबर चढतो, पण गिअर बदलल्याने किंवा क्लच दाबल्याने बदलत नाही. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. हा बदलत नाही. गाडी उजवीकडे वळविताना आवाज वाढला, तर संशय डाव्या चाकावर घ्यावा, कारण त्या वेळी भार डावीकडे सरकतो. मग गाडी सपाट जागी जॅकवर उचलावी, भक्कम स्टँडवर टेकवावी आणि चाकाला वर व खाली धरून हलवून पाहावे. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगाचा. तसाच राहिला तर तो सांध्याचा. या साध्या परीक्षेवाचून नवीन बेअरिंग आणण्यासाठी कश्मीरी गेटच्या बाजारात धावणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.

चाक व हब उतरविल्यावर जुने ग्रीस रॉकेलने धुऊन काढावे. हबात घट्ट बसलेल्या बाहेरच्या कड्याला गॅरेजात 'कप' म्हणतात, तर रोलर धरणाऱ्या आतल्या भागाला 'कोन'. हे दोन्ही एकदमच बदलावे लागतात. कप काढण्यास त्रास पडतो म्हणून जुन्या कपात नवा कोन बसविण्याची काटकसर काही जण करतात. ती महाग पडते, कारण जुन्या कपावरील खड्डे नव्या रोलरांना लगेच खातात. नवा कप पितळी दांड्याने समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने हलके ठोकीत सरळ बसवावा. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींत दाबून भरावे. हबाची सारी पोकळी मात्र ठासून भरू नये. तापल्यावर ते फुगते, सील ओलांडते आणि ब्रेकच्या लायनिंगवर जाते.

आता नट. सगळे काम येथेच साधते किंवा बिघडते. साधारण नट जितका घट्ट तितका चांगला, हा नव्हे. घट्ट आवळल्यास रोलर चिरडले जातात, ग्रीस वितळते आणि बेअरिंग जळून आसाला चिकटू शकते. सैल ठेवल्यास चाक डुलते आणि भार थोड्याच रोलरांवर पडतो. म्हणून प्रथम चाक हाताने फिरवीत नट आवळावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. नंतर तो पूर्ण सैल करावा आणि केवळ बोटांच्या जोराने पुन्हा टेकवावा. पिनेचे भोक जुळत नसेल तर नट पुढे न आवळता किंचित मागे घ्यावा. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असल्यास तीच पाळावी. स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी. दोनदा वाकविलेली तार तुटते, आणि खीळ नसलेल्या चाकाचे काय होते हे बैलगाडीवाल्यास सांगावे लागत नसे.

मारुती 800 सारख्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांत इंजिनाची शक्ती पुढच्याच चाकांना मिळते. फिरणारा दांडा हबातून जातो आणि बेअरिंग घट्ट दाबून बसविलेले असते. ते हातोड्याने बसवू नये. घाव छर्ऱ्यांतून कड्यांवर उतरतो व डोळ्यांना न दिसणारे ठसे उमटवितो. नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घूं घूं करू लागते. हे काम प्रेस असलेल्या कारखान्यातच करून घ्यावे. येथे नटही बोटांनी बसवीत नाहीत, तर ठरलेल्या जोराने, मापाच्या पान्याने आवळतात.

काम संपल्यावर आठ-दहा किलोमीटर, ब्रेक शक्यतो कमी वापरून, गाडी चालवावी आणि उतरून हबावर हात ठेवावा. तो कोमट लागला तर ठीक. हात टेकवेना, तर निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगात नट एक खाच मागे घ्यावा, नवी पिन घालावी आणि पुन्हा तितकेच अंतर जाऊन पाहावे.