हाताला कळतं ते : घडीच्या चाकूची स्प्रिंग

मागच्या व्याख्यानात आपण गिल्बर्ट राईलचा भेद पाहिला. एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं, हे त्याने १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये मांडलं. पोहणं, सायकल ही उदाहरणं आता फार झिजली. म्हणून आज आपण शेफील्डचा घडीचा चाकू घेऊ.

इंग्लंडमधलं हे गाव शतकानुशतकं चाकूसुऱ्यांचं. तिथल्या कारागिरांची ‘कंपनी ऑफ कटलर्स’ १६२४ साली स्थापन झाली. स्वतंत्रपणे, छोट्याशा भाड्याच्या जागेत काम करणाऱ्या कारागिरांना तिथल्या बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. मेस्टर म्हणजे आपला मास्टर.

या चाकूत खटका नसतो. पातं, त्याच्या पाठीशी पोलादी स्प्रिंग, दोन्ही बाजूंना पातळ पत्रे आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या पिना, एवढाच संसार. पातं उघडताना त्याचं बूड स्प्रिंगला वर उचलतं, आणि पुढे स्प्रिंग टक्कन जागेवर बसते. चाकू मिटलेला असो वा उघडा, दोन्ही वेळी स्प्रिंगची पाठ पत्र्यांच्या कडेशी सपाट जुळली पाहिजे. बोट फिरवलं तर खाच लागता कामा नये.

आता अडचण पाहा. उघड्या स्थितीत स्प्रिंग किंचित वर राहिली, तर बुडाची ती बाजू कानशीने घासायची. पण एखादा हात जास्त फिरला, की तिथे स्प्रिंग खाली जाते. घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. मग मिटलेल्या स्थितीची बाजूही तेवढीच उतरवावी लागते, आणि शेवटी पत्र्यांच्या कडाही. एक चूक सगळ्या चाकूत फिरते. म्हणून कारागीर दोनचार हात घासतो, जुळवून पाहतो, पुन्हा सुटं करतो.

हे सगळं पोलाद मऊ असताना. नंतर पाणी द्यायचं. आपल्याकडे तेलात विझवलं तरी ‘पाणी देणं’च म्हणतात. लालबुंद स्प्रिंग तेलात विझवली की ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. मग ती घासून उजळ करायची आणि हळूहळू तापवायची. पृष्ठभागावर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि सुमारे ३०० अंशांना निळा. पात्याला पिवळ्यावर थांबायचं, स्प्रिंगला निळ्यावर. लवकर थांबलात तर ती मोडते, उशीर केलात तर मऊ पडते.

शेवटी पिन. ती भोकाबाहेर जेमतेम मिलिमीटरभर ठेवून हलक्या हातोडीने ठोकत डोकं पसरवायचं. जास्त ठोकली तर पातं आवळतं, कमी ठोकली तर डुलतं. इथे मोजपट्टी नाही. पातं उघडून, मिटून पाहायचं. जाणकार म्हणतात, चाकू ‘चालला’ आणि ‘बोलला’ पाहिजे.

आम्ही सांगितलेलं हे सगळं खरं आहे. पण ते ऐकून तुम्हाला स्प्रिंग करता येईल का? नाही. मायकेल पोलान्यीने १९५८ च्या ‘पर्सनल नॉलेज’मध्ये हेच दाखवलं. अशी विद्या गुरूच्या शेजारी उभं राहूनच उतरते, आणि एक पिढी ती वापरात नसली तर बहुधा कायमची जाते.

कुणी विचारेल, यंत्र हजारो सारख्या स्प्रिंगा करतं, मग बिघडलं काय? प्रश्न रास्त आहे. यंत्राचं ज्ञान मापाचं असतं, म्हणून त्याचा कुठलाही भाग कुठेही बसतो. हाताचं ज्ञान मेळाचं. ही स्प्रिंग याच पात्यासाठी घासलेली, शेजारच्या चाकूत ती बसेलच असं नाही. त्यामुळे ती मोडली तर सुटा भाग मिळून भागत नाही, माणूस लागतो. १४ व्या वर्षी या कामाला लागलेले शेफील्डचे नामांकित मेस्टर स्टॅन शॉ २०२१ साली ९४ व्या वर्षी वारले. त्यांचे चाकू जपून ठेवता येतील. त्यांच्या बोटांना जे कळत होतं, ते मात्र शिकलेल्या दुसऱ्या बोटांतच जपता येतं.

तेव्हा ज्ञान पुस्तकात असतं, हे म्हणणं अर्धंच खरं. उरलेलं अर्धं जिवंत माणसांत असतं आणि त्यांच्यासोबत जातं. मग ते शिकवायचं कसं? अ‍ॅरिस्टॉटलची ‘टेक्ने’ ही कल्पना घेऊन आपण पुढच्या वेळी तिकडे वळू.