यकृताची जखम

यकृताइतका चिवट अवयव शरीरात दुसरा नाही. पुण्यामुंबईच्या रुग्णालयांत आज मुलगा पित्याला आपल्या यकृताचा मोठा भाग देतो, आणि त्याचे उरलेले यकृत काही आठवड्यांतच बरेचसे पूर्ववत वाढते. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही; शिल्लक पेशींची वाढ होते. उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला तरी हेच घडते, असे हिगिन्स व अँडरसन यांनी १९३१ साली दाखवून दिले.

शस्त्रक्रियेनंतर मागे उरते ते यकृत मात्र निरोगी असते. विषाने होणारी इजा निराळी. पॅरासिटामॉल ही घरोघरी आढळणारी तापावरची गोळी. तीच फाजील प्रमाणात पोटात गेली, तर यकृतात जागोजागी पेशी मरून पडतात. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतातूनच पुढे जात असल्यामुळे हा बांध फुटका राहणे जिवावर बेतू शकते. मग हे खिंडार बुजते कसे?

पेशी आधी वाढतात आणि त्या वाढीनेच जागा भरते, असे वाटणे साहजिक आहे. २०२४ साली एडिंबरोच्या संशोधकांनी एकेका पेशीतील जनुकांचे कार्य तपासले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. जखमेच्या कडेवरील काही यकृतपेशींत ‘अॅनेक्सिन ए-२’ या प्रथिनाचे जनुक विशेष कार्यरत होते. उंदरांत या कडेच्या पेशी हलत्या झाल्या आणि पेशींचा सबंध थर पुढे सरकून जखम मिटली. पेशींची संख्यावाढ त्यानंतरची. यकृतपेशींतील हे प्रथिन नाहीसे केले, तेव्हा जखम नीट मिटेना.

या हालचालीला चेतवणाऱ्या एका द्रव्याची कथाही उद्बोधक आहे. यकृत कापलेल्या उंदरांच्या रक्तात नाकामुरा यांना १९८४ साली जपानमध्ये पेशींची वाढ करणारे द्रव्य सापडले. इंग्लंडात स्टोकर हे पेशींना विखुरणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होते. ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे १९९१ च्या सुमारास सिद्ध झाले.

यकृत अकस्मात निकामी झाले, म्हणजे पुष्कळदा प्रत्यारोपणावाचून उपाय उरत नाही. जखम आधी मिटविण्याचे औषध हाती आले, तर त्यातील काही रुग्णांचे स्वतःचेच यकृत वाचू शकेल. मात्र पेशींची हीच भटकी वृत्ती कर्करोगाच्या प्रसारासही कारण होते. म्हणून हे जनुक जागविताना त्याला वेळीच निजविण्याची विद्याही साधावी लागेल.