सही न झालेला अर्ज

‘गाववालो गावलो!’ असं मी मोठ्याने म्हणालो होतो. लष्करी इतिहासाच्या एका जाडजूड पुस्तकात, तळटिपेच्या मुंगीएवढ्या अक्षरांत, मला ‘वालावलकर’ दिसले. हवालदार, निवृत्ती १८८६, मुक्काम दापोली. आपल्या गावाचं नाव नको तिथे दिसणं हा आम्हा वालावलकरांचा जुनाच आजार. दुसऱ्या दिवशी वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी उजेडात बसून पुन्हा वाचलं, तर ते ‘वलंगकर’ निघाले. गोपाळ बाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. गाव हुकलं, पण माणूस काही डोक्यातून जाईना.

मुळात मी वाचत होतो स्पार्टासाठी. हे वेड शाळेपासूनचं. सातव्या वर्षी पोराला घरातून काढून टोळीत घालायचं, वर्षाला एकच वस्त्र, पोट अर्धं रिकामं. विशीत पंगतीला घ्यायचं आणि साठीपर्यंत हाक आली की ढाल उचलायला लावायची. सिनेमे येऊन गेल्यापासून हे सगळ्यांना पाठ आहे. मला अडकवलं ते पंगतीबाहेरच्यांनी. स्पार्टन पुरुष आयुष्यभर कवायत करू शकला, कारण त्याची शेती हेलट, म्हणजे तिथले वेठबिगार, कसत होते. प्लाटियाच्या लढाईत, इ.स.पू. ४७९ मध्ये, पाच हजार स्पार्टन आणि प्रत्येकामागे सात हेलट होते, असा हिरोडोटसचा हिशेब आहे. म्हणजे पस्तीस हजार. पोवाडे कुणाचे झाले ते वेगळं सांगायला नको.

ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने एक गोष्ट नोंदवली आहे. स्पार्टाने एकदा जाहीर केलं, की ज्या हेलटांना आपण युद्धात सर्वांत मोठी कामगिरी केली असं वाटतं, त्यांनी पुढे यावं, स्वातंत्र्य मिळेल. सुमारे दोन हजार निवडले गेले. डोक्यावर माळा घालून ते देवळांना प्रदक्षिणा घालून आले. पुढे ते दिसेनासे झाले. कोण कसा मेला हे कुणालाच कळलं नाही. जो स्वतःहून पुढे येतो तोच उद्या उठाव करील, हा त्यामागचा हिशेब.

आता वलंगकरांची दापोली. तिला आजही लोक ‘कॅम्प’ म्हणतात. १८१८ नंतर इथे लष्करी ठाणं बसलं आणि मुंबई फौजेतले पेन्शनर इथे घरं बांधून राहू लागले. त्यांत महार शिपाई बरेच. भीमा कोरेगावच्या स्तंभावर तिथल्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यांतली बावीस ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महारांची. गावात ज्याने वेशीबाहेर थांबायचं, तो पलटणीत हवालदार, सुभेदार होत असे.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पलटणीतली शाळा. शिपायांच्या मुलांना तिथे शिकणं सक्तीचं होतं, मुलींनासुद्धा. स्पार्टाने पोराला चोरून खायला शिकवलं. या छावणीने पाटी दिली. बाहेरच्या शाळेत ज्याला ओटीवर बसवलं असतं, तो इथे बाकावर बसून बाराखडी गिरवत होता. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी मालोजी सकपाळ या व्यवस्थेत नुसते वाढले नाहीत, लष्करी शाळेत हेडमास्तरही झाले. त्यांचे वडीलही फौजेत, सासुरवाडी मुरबाडकर सुभेदारांची. हे खरं लष्करी घराणं. स्पार्टाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी याच्याही गोष्टी सांगायला हव्या होत्या.

मग लढाऊ जातींचं खूळ आलं. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना उत्तरेकडच्या उंच, गोऱ्या शिपायांचं कौतुक. १८९२ मध्ये महारांची भरती बंद झाली. तीन पिढ्या कवायत केली ती कुणी विचारात घेतली नाही. प्रश्न एकच, तू कुणाचा? भरती गेली तशी पाटीही गेली.

वलंगकर पेटले ते इथे. गृहस्थ जोतीराव फुल्यांच्या विचारांतले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ छापून सवर्णांना सव्वीस प्रश्न विचारले होते. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये त्यांनी सरकारसाठी विनंतीपत्र लिहिलं. ते वाचताना मी दोनदा थांबलो. विटाळाला सुरुंग लावणारा हाच माणूस इथे सांगतो, की आमचे पूर्वज क्षत्रिय; दुष्काळात मिळेल ते खाल्लं म्हणून खाली लोटले गेलो. कुळीची भाषा त्यांना आवडत होती असं मला वाटत नाही. पण साहेबाचा दरवाजा कुळीच्याच किल्लीने उघडत होता. नोकरीची कागदपत्रं असताना वंशावळ मांडायला लागावी, यात लाज अर्ज लिहिणाऱ्याची नाही.

अर्जावर सह्या हव्या होत्या. दापोलीचे पेन्शनर सहीला तयार होईनात. सरकारकडे तक्रार केली आणि पेन्शन थांबलं तर? या भित्रेपणाबद्दल त्यांना नावं ठेवणारे भेटतात. मला ठेवता येत नाहीत. महिन्याच्या महिन्याला हातात पडणाऱ्या त्या रकमेवर पोराची फी, म्हातारीचं औषध, गावाशी थोडी ताठ मान, सगळंच टांगलेलं. माळ घालून घ्यायला पुढे या म्हटलं की काय होतं, हे त्यांना थुसिडिडीस न वाचताच ठाऊक होतं. रामजी सुभेदारांनीही याच प्रश्नावर न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्जासाठी मदत घेतली होती, असं चरित्रकार सांगतात. भरती उघडली नाही.

वलंगकर १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर नेमले गेले, १९०० मध्ये वारले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. महायुद्धाला माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११वी महार पलटण उभी राहिली. लढाई सरली तशी १९२१ मध्ये तीही मोडली. दुसरं महायुद्ध लागल्यावर पुन्हा माणसं हवी झाली. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर एक नवा सभासद गेला: आंबडव्याच्या सुभेदारांचा मुलगा, डॉ. भीमराव आंबेडकर. १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.