पोळ्याला बैलाच्या आकाराची बिस्किटे – घरच्याच कढईत

पोळा असो वा बेंदूर, त्या दिवशी घरच्या बैलांचा थाट असतो. शिंगे रंगतात, अंगावर झूल चढते, पुरणपोळीचा घास भरवला जातो. मुले मातीच्या बैलांत रमतात. विदर्भात तर तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल दोरीने ओढत मिरवतात. यंदा मुलांच्या हाती खायचाही बैल द्यावा, असे कुणाला वाटले तर त्यासाठी भट्टीची किंवा विजेच्या ओव्हनची गरज नाही. जर्मनीत नाताळच्या आधी घरोघरी चांदणी, झाड, घोडा अशा आकारांची बिस्किटे भाजतात आणि वरून साखरेने रंगवतात. तीच रीत आपल्या सणाला, आपल्या चुलीवर जमते.

अडचण एकच येते. पोळपाटावर कापलेला बैल छान दिसतो, पण भाजताना तो पसरतो. शिंगे, पाय, शेपूट एक होतात आणि ताटलीत नुसता गोळा उरतो. १०० ग्रॅम साजूक तुपासाठी म्हशीचे जवळजवळ दोन लिटर दूध लागते. ते वाया जाऊ नये म्हणून आकार का मोडतो, हे आधी समजून घ्यावे.

नानकटाई फुगावी, पसरावी, तिला चिरा पडाव्यात म्हणून आपण तूप भरपूर घालतो आणि खायचा सोडाही घालतो. आकाराच्या बिस्किटाला नेमके उलटे हवे. म्हणून यात सोडा किंवा बेकिंग पावडर मुळीच घालू नये, तूप बेताचे घ्यावे आणि पीठ थंड असतानाच भाजायला ठेवावे. थंड पिठातले तूप उशिरा वितळते, तोवर कडा धरून येतात.

साहित्य

मैदा २५० ग्रॅम, घट्ट साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, थंड दूध ३ ते ४ मोठे चमचे, चिमूटभर मीठ, थोडी वेलचीपूड. यात लहान आकाराची ३० ते ३५ बिस्किटे होतात. निम्मी कणीक घेतली तरी चालते, मात्र ती चाळून घ्यावी. नाचणीचे पीठ पावपटच घ्यावे. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने जास्त घेतल्यास पाय आणि शिंगे तुटतात. गूळ या बिस्किटांना चालत नाही; तो ओल धरतो आणि आकार ढिला पडतो. साखरही दळून, चाळूनच घ्यावी.

तुपाऐवजी घरचे लोणी वापरायचे असल्यास ते १२५ ग्रॅम घ्यावे आणि ताक निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात दोन-तीनदा धुवावे. लोण्यात पाणी असतेच, म्हणून दूध चमचा-चमचा करून, लागेल तेवढेच घालावे.

पीठ मळणे

तूप आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटावे. पांढरे फेसाळ होईपर्यंत फेटल्यास आत हवा शिरते आणि बिस्किट फुगते. मग मैदा, मीठ, वेलची मिसळून दुधाने गोळा जुळवावा. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये. तिंबल्याने बिस्किट चिवट होते आणि भाजताना आक्रसते.

गोळा झाकणाच्या डब्यात घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर डबा माठातल्या गार पाण्याच्या परातीत तासभर ठेवावा. हे काम पहाटेच्या गारव्यात केल्यास आणखी सोपे जाते. कच्चे पीठ मुलांना चाखू देऊ नये. न भाजलेल्या पिठात रोगजंतू असू शकतात.

लाटणे आणि कापणे

दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन, पुसून, कापून मोकळी करावी. पापड लाटतो तसे प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये पीठ लाटावे, म्हणजे वरून पीठ लावावे लागत नाही. जाडी सगळीकडे सारखी, पाव इंचाहून किंचित कमी असावी.

साचा विकत आणण्याचे कारण नाही. जाड पुठ्ठ्यावर बैल काढून कापावा, त्यावर प्लास्टिक गुंडाळावे, तो पिठावर ठेवून सुरीच्या टोकाने कडेने कापावे. शिंगे आखूड आणि पाय जाड ठेवावेत, कारण बारीक टोके आधी करपतात. उरलेल्या पिठाची पाने, चांदण्या, वाटीने चकत्या कापाव्यात किंवा करंजीच्या कातण्याने नक्षीच्या कडा काढाव्यात. कापलेले आकार तूप लावलेल्या ताटलीत बोटभर अंतरावर मांडून पुन्हा दहा मिनिटे गार ठेवावेत.

कढईची भट्टी

जुन्या जाड कढईत धुऊन वाळवलेली वाळू किंवा जाडे मीठ इंचभर पसरावे. त्यावर लोखंडी कडे ठेवून घट्ट झाकण लावावे आणि १५ मिनिटे तापू द्यावे. मग कड्यावर ताटली ठेवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटे भाजावे. चूल असेल तर जाळ कमी करून झाकणावर थोडे निखारे ठेवावेत, म्हणजे वरूनही ऊब मिळते. ज्यांच्याकडे ओव्हन आहे, त्यांनी १७० अंश सेल्सिअसवर १० ते १२ मिनिटे ठेवावे.

बिस्किटाची कडा खालून फिकी सोनेरी झाली की ताटली काढावी. वरचा भाग पांढराच राहतो आणि रंगवायला तोच बरा. गरम बिस्किट मऊ लागते म्हणून ते कच्चे समजू नये. निवताना ते कडक होते. पाच-सात मिनिटे हात न लावता ताटलीतच ठेवावे.

साखरेचा लेप आणि रंग

एक वाटी अगदी बारीक चाळलेल्या पिठीसाखरेत लिंबाचा रस किंवा पाणी ३ ते ४ लहान चमचे घालून लेप घोटावा. कडेची रेघ ओढायला तो घट्ट ठेवावा आणि आतला भाग भरायला थोडा सैल करावा. चमच्यातून पडलेली धार दहा-बारा सेकंदांत मिसळून गेली की सैल लेप बरोबर जमला. प्लास्टिकचा कोन करून त्यात लेप भरावा. मेंदी काढणाऱ्या मुलींना हे काम शिकवावे लागत नाही. झुलीची नक्षी, गोंडे, कपाळावरची बाशिंगे त्या सहज काढतील. बिस्किट पूर्ण गार झाल्यावरच लेप लावावा, नाहीतर तो वितळून वाहतो.

पिवळ्यासाठी चिमूटभर हळद, गुलाबीसाठी बिटाचा रस, तपकिरीसाठी कोको वापरावा. हिरव्यासाठी पालकाचा घट्ट रस घ्यावा. पण त्या लेपात लिंबू घालू नये, आंबटाने पालकाचा हिरवा रंग मळकट होतो. विकतचा रंग घेतल्यास तो खाण्याचाच आहे, हे पुडीवर वाचून घ्यावे. पोळ्याच्या दिवसांत शिंगांना लावायचा रंग, रंगीत भुकटी घरात पडलेली असते. ती हौसेने लेपात गेली तर विषारी ठरू शकते. असे रंग स्वयंपाकघरात येऊच देऊ नयेत.

साठवण

पोळा पावसाळ्यात येतो आणि साखर हवेतली ओल ओढते. म्हणून सगळ्या बिस्किटांना एकदम लेप लावू नये. कोरी बिस्किटे घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात पंधरा दिवस टिकतात. मऊ पडली तर तापलेल्या कढईत पाच मिनिटे ठेवून निवू द्यावीत, पुन्हा खुसखुशीत होतात. लेपाला सुकायला सात-आठ तास लागतात. तोवर बिस्किटे एकावर एक रचू नयेत. बीट-पालकाचा रस घातलेली बिस्किटे दोन दिवसांत संपवावीत.

बचत गटाच्या भगिनींना ही बिस्किटे विकायची असतील तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरगुती विक्रीसाठीही नोंदणी लागते, हे ध्यानात ठेवावे.

सणाच्या दिवशी पुरणाचा घाट असतो, तेव्हा हे काम आधीच उरकावे. दोन दिवस अगोदर बिस्किटे भाजून डब्यात भरावीत. आदल्या दिवशी सकाळी घट्ट लेपाने कडा आखून द्याव्यात आणि पुढचे रंगकाम मुलांवर सोपवावे. संध्याकाळपर्यंत झुली सुकतात.